किरकोळ असेल तर सांगा

‘टकाटक कंडिशन, एक रुपयाचं काम नाही.’ जळगाव असो की धुळे, जुन्या मोबाईलपासून जुन्या ट्रॅक्टरपर्यंत सगळं याच वाक्यावर विकायला निघतं. ओएलएक्सवर हेच, फेसबुक मार्केटप्लेसवर हेच, गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप खरेदी-विक्री ग्रुपांवरही हेच. वस्तू घरी आली की मग काम निघतं. पडद्याच्या कोपऱ्यात तडा असतो, गाडी सेल्फवर चालू होत नाही, कूलरची टाकी झिरपते. विचारायला जावं तर उत्तर तयार असतं : ‘ते किरकोळ आहे हो, भाऊ.’

किरकोळ होतं, तर जाहिरातीत का नव्हतं?

दोष खरंच किरकोळ असेल तर तो लिहिताना काही जड जात नाही. लिहिताना हात अडखळत असेल तर तो दोष किरकोळ नाही. त्याने किंमत उतरते, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर तो लपवतो. जो दोष सांगायची भीती वाटते तोच आधी सांगायचा, एवढा एकच नियम पाळला तरी जुन्या वस्तूंचा बाजार सुधारेल.

या लपवाछपवीचा खर्च कोण भरतो ते बघा. धुळ्याचा मुलगा जळगावातला मोबाईल बघायला पारोळा, एरंडोल करत सुमारे 90 किलोमीटर येतो. एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं त्याचं, बुडालेला दिवस त्याचा. वस्तू पाहून परत फिरला तर हे सगळं वाया जातं. ‘एवढं आलोच आहोत तर घेऊन टाकू’ म्हणाला तर वर दुरुस्तीचाही खर्च. विकणारा दोन्हीकडून मोकळा. आणि जुनी वस्तू घेतं तरी कोण? पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली मुलगी, एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार, रावेर-यावलच्या केळीबागांत मजुरी करणारं कुटुंब. नव्याचे पैसे असणारा शोरूममध्ये जातो. म्हणजे दोष लपवणारा नेमका पैसे मोजून खर्च करणाऱ्याच्याच खिशात हात घालतो.

‘जुन्या वस्तूत घेणाऱ्याने बघून घ्यावं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. बघून घेण्याची रीत खानदेशाला शिकवावी लागत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. 1998 पर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये आहे. तिथे घोडा घेणारा दात बघतो, खूर उचलून बघतो, अंगावरचे भोवरे तपासतो, चालवून-पळवून बघतो. बैलबाजारातही जनावर दोन दाती की जुळलेलं, हे जबडा उघडूनच ठरतं. खोड लपवणारे तेव्हाही होते, पण घेणाऱ्याचा हात जनावराच्या अंगावर होता. ऑनलाइन व्यवहारात तो हातच नाही. विकणाऱ्याचा कॅमेरा दाखवेल तेवढंच दिसतं. बघण्याचं साधन ज्याच्या हातात आहे, सांगण्याची जबाबदारीही त्याचीच.

आपल्या करार कायद्यातही घोडाच आहे. 1872 च्या या कायद्याचं कलम 17 फसवणूक म्हणजे काय ते सांगतं. त्यातल्या एका उदाहरणात सदोष घोडा लिलावात विकणारा माणूस नुसता गप्प राहतो, आणि ती फसवणूक ठरत नाही. गप्प राहणाऱ्यांना एवढंच वाचायचं असतं. पण पुढे वाचा. घेणारा म्हणाला की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धड आहे असं मी धरून चालतो, आणि त्यावर विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच धरलं जातं. आणि माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून झाकणं ही तर फसवणूकच. 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 15 आणखी सरळ आहे : वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे.

चॅटवर ‘काही प्रॉब्लेम नाही ना?’ असं विचारल्यावर पाठवलेला अंगठा हे माझ्या लेखी बोलणंच आहे. तडा गेलेल्या काचेवर कव्हर चढवून काढलेला फोटो हे झाकणंच आहे. पाच हजारांच्या मोबाईलसाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही, आणि घरातली वस्तू विकणारा माणूस व्यापारी नसल्याने ग्राहक आयोगाचा रस्ताही सहसा मिळत नाही. म्हणूनच विकणाऱ्याच्या शब्दावर एवढा भार आहे.

खरं सांगितलं तर वस्तू विकली जाणार नाही, ही भीती असते. जळगावने तरी ही भीती बाळगू नये. हे सोन्याचं गाव आहे. राजमल लखीचंद यांची पेढी 1854 ची. बाहेरगावचे लोक इथे दागिने घ्यायला येतात ते शुद्धतेच्या भरवशावर. 22 कॅरटच्या दागिन्यावर 916 चा शिक्का असतो, म्हणजे हजारात 916 भाग सोनं आणि उरलेले 84 भाग दुसरा धातू. जे सोनं नाही त्याचाही हिशेब दागिन्याच्या अंगावर कोरलेला असतो, आणि म्हणूनच गिऱ्हाईक निर्धास्त असतं. जुना दागिना मोडायला नेला की घट किती धरली हे विचारल्याशिवाय कोणी दुकानातून उठत नाही. ज्या गावाचा बाजार 84 भागांचा हिशेब देऊन चालतो, त्या गावाला मोबाईलवरचा एक तडा लिहिणं जड जाऊ नये.

उलट खोटंच महाग पडतं, आणि ते खऱ्या माणसालाही भोवतं. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. 2001 मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हेच काम होतं. त्यांचा मुद्दा असा : चांगली गाडी कोणती आणि सदोष कोणती हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून तिचा मालक बाजारातून उठतो. मागे उरतात त्या सदोषच, मग भाव आणखी उतरतो. एमएच-18 ची असो की एमएच-19 ची, नीट सांभाळलेली, वेळेवर सर्व्हिसिंग केलेली दुचाकीही पडेल भावात मागितली जाते, त्याचं एक मोठं कारण हे आहे. आदल्या विकणाऱ्याने मीटर मागे फिरवलेलं असतं आणि किंमत पुढचा प्रामाणिक मालक मोजतो.

मग लिहायचं कसं? दोष कुठे आहे, केवढा आहे आणि त्याने वापरात काय फरक पडतो, हे सांगायचं. ‘थोडे स्क्रॅच आहेत’ यातून काहीच कळत नाही. ‘पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढा तडा, टच व्यवस्थित चालतो, फोल्डर एकदा बदललेला आहे, तो कंपनीचा नाही, चार्जर मिळणार नाही’ यातून सगळं कळतं. गाडीचं लिहा : ‘टाकी डावीकडून चेपलेली, सकाळी सेल्फ घेत नाही, किक मारावी लागते, मागचा टायर बदलायला आलाय, विमा संपलाय.’ चेपल्याच्या शेजारी दहाचं नाणं ठेवून उजेडात फोटो काढा आणि तो पहिल्या तीन फोटोंत टाका. घेतली तेव्हाचा जुना फोटो लावू नका. दुरुस्ती केली असेल तर तीही लिहा, बिल असेल तर दाखवा. दुरुस्त केलेली वस्तू विकण्यात कमीपणा नाही.

एक रेघ मात्र ठळक ओढली पाहिजे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा जुन्या कूलरला गिऱ्हाइकाची कमी नसते. टाकीच्या तळाला गंज, बदलायला आलेल्या जाळ्या, आवाज करणारा पंखा, हे किरकोळ आहे. लिहा आणि विका. पण हात लागताच करंट मारणारा कूलर ‘बारीक प्रॉब्लेम’ म्हणून विकायचा नाही. आधी वायरिंग आणि अर्थिंग दुरुस्त करा, ते जमत नसेल तर भंगारात घाला. फुगलेल्या बॅटरीचा मोबाईल, ब्रेक न लागणारी दुचाकी यांनाही हाच न्याय. तिथे खरं सांगणंही पुरेसं नाही, कारण घेणाऱ्याच्या घरात ती वस्तू वापरणाऱ्या लहान मुलाने तुमची जाहिरात वाचलेली नसते.

आता शेवटचं, घेणाऱ्यांसाठी. विकणाऱ्याने सगळे दोष लिहिले आणि ते धरून किंमत लावली, की तुम्ही त्याच दोषांवर बोट ठेवून आणखी दोन हजार पाडायला बघता. हे थांबवा. घासाघीस जरूर करा, पण जाहिरातीत न लिहिलेलं काही निघालं तर करा. ज्याने आपणहून सांगितलं त्याला त्याच गोष्टीचा दंड बसला, तर पुढच्या वेळी तोही ‘एक रुपयाचं काम नाही’ असंच लिहील, आणि त्या खोट्यात तुमचाही वाटा असेल. दोन जाहिराती सारख्या किमतीच्या दिसल्या, एकीत दोष लिहिलेले आणि दुसरीत नुसतं ‘टकाटक’, तर आधी पहिल्या माणसाला फोन करा. खरं सांगणाऱ्याची वस्तू लवकर विकली जाते, हे चार विकणाऱ्यांना दिसलं की पाचव्याला उपदेश करावा लागणार नाही.