डुमन्याची रेघ ग्वारीघाटावरून जाते

मँचेस्टर, मार्गशीर्ष

ती. बाबा व ती. आई यांना मँचेस्टर शाखेचा शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या पत्रात 'मी-मी' फार आणि बातम्या कमी, असा शेरा बाबांनी कळवला. म्हणून हे पत्र वर्तमानपत्री शिस्तीत लिहिलं आहे. यात कोणीही 'मी' नाही. तुमचे चिरंजीव आहेत, सूनबाई आहेत, नात आहे आणि विमानं आहेत. विमानं जरा जास्तच आहेत, त्याला इलाज नाही.

मुख्य बातमी अशी की, चिरंजीवांना विमानं बघायचा नाद लागला आहे. विमानात बसायचा नव्हे, बघायचा. शनिवारी पहाटे सगळी गल्ली झोपलेली असताना हे गृहस्थ कॅमेरा, दुर्बीण, वही आणि घडीची शिडी घेऊन बाहेर पडतात आणि थंडीनं काकडत, पण अतिशय समाधानानं परततात. आईंनी काळजी करू नये. या देशात हा सभ्य माणसांचा छंद गणला जातो. कुंपणाशी निवृत्त मास्तर असतात, आगगाडीचे चालक असतात, डॉक्टरही असतात, आणि कोणीही कोणाला 'घरी काही काम नाही का?' असं विचारत नाही. तो प्रश्न विचारणाऱ्या व्यक्ती घरीच असतात.

वहीत एवढं लिहायचं तरी काय, असं बाबांनी फोनवर विचारलं होतं. त्याचं उत्तर असं. प्रत्येक विमानाच्या शेपटाजवळ त्याचा नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. ब्रिटिश विमानाचा 'जी'नं सुरू होतो, आपल्याकडचा 'व्हीटी'नं. फ्लाइट नंबर म्हणजे नुसतं वेळापत्रक. आज एक विमान तो घेऊन येईल, उद्या दुसरं. नोंदणी मात्र त्या एकाच विमानाची. ते परदेशी विकलं गेलं की क्रमांक बदलतो, आणि मग आधीचं नाव काय, मधली वर्षं कुठे काढली, किती मालक झाले, याची विचारपूस सोयरीक जुळवताना घराण्याची व्हावी तशी चालते. नात हल्ली परवचा म्हणताना पावकीच्या मध्येच 'जी-बीओएसी' म्हणून जाते. सूनबाईंनी दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा त्याही तेच म्हणाल्या.

हे जी-बीओएसी म्हणजे मँचेस्टरचं कॉन्कॉर्ड. नोंदणीतच बीओएसी या जुन्या कंपनीची अक्षरं आली, म्हणून ब्रिटिश एअरवेजच्या ताफ्यात त्याचा मान मोठा. २००३ च्या ऑक्टोबरअखेर ते इथे उतरलं ते कायमचं. धावपट्टीच्या कडेला विमानतळानं बघ्यांसाठी एक बागच केली आहे. तिथे त्याला काचेचं घर बांधून दिलंय. शेजारी एक निम्रॉड, एक ट्रायडेंट आणि एका डीसी-१० चं नुसतं मुंडकं आहे. बागेत मातीचे उंचवटे आहेत, का तर कॅमेऱ्याचं भिंग कुंपणाच्या तारेच्या वर यावं. मोटारीमागे पैसे घेतात. म्हणजे या देशात नुसतं उभं राहून बघण्याची सोय विमानतळच करतो आणि तिची पावतीही देतो. दुसरीकडे रिंगवे रोडवर एक पब आहे, त्याच्या मागच्या अंगणातून विमानं उड्डाणासाठी रांगेत उभी दिसतात. चिरंजीव तिथे फक्त लिंबूपाणी घेतात, असं त्यांनी आईंना मुद्दाम कळवायला सांगितलं आहे.

जुलै २०२५ मध्ये मुंबईहून इंडिगोचं थेट विमान इथे येऊ लागलं, तेव्हा थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळून सगळं कुटुंब बागेत हजर झालं. विमान टेकलं. आत ओळखीचं कोणी नव्हतं, तरी नातीनं हात हलवला आणि सूनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पदर म्हणजे मफलर. तेवढ्यात चिरंजीवांनी दुर्बीण खाली करून जाहीर केलं की नोंदणी 'एलएन' आहे. म्हणजे नॉर्वेची. इंडिगोनं ही मोठी बोइंग ७८७ विमानं नॉर्स अटलांटिक या नॉर्वेजियन कंपनीकडून भाड्यानं घेतली होती. आलेले अश्रू परत घेता येत नाहीत, एवढंच सूनबाई म्हणाल्या.

फोटो काढण्यातही शास्त्र आहे, आणि ते घरात रोज जेवताना ऐकवलं जातं. दुपारी धावपट्टी तापली की वरची हवा थरथरते आणि लांबचं विमान पाण्यातून पाहिल्यासारखं येतं. म्हणून सकाळ गाठायची. सूर्य पाठीमागे हवा. पंख्याच्या विमानाची तऱ्हा आणखी न्यारी. एटीआर ७२-६०० च्या प्रत्येक पंख्याला सहा पाती असतात आणि उड्डाणाच्या वेळी तो मिनिटाला बाराशे फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला वीस. एक सहस्रांश सेकंदाचा फोटो काढला तर पातं जेमतेम सात अंश सरकतं; फोटोत पंखा बंद, आणि विमान आता पडणार असं वाटतं. एक शतांश सेकंद ठेवला तर पातं बहात्तर अंश फिरतं. दोन पात्यांमधलं अंतर साठ अंशांचं, म्हणून पूर्ण चकती उमटते. पण तेवढ्या वेळात विमानही पुढे जातं, तेव्हा कॅमेरा त्याच्याच वेगानं वळवत राहायचा. याचा सराव लागतो. पाऊस येतोसं दिसलं की परसातले कपडे काढायला सूनबाई धावतात, त्या वेळी चिरंजीव खिडकीत असतात. अलीकडच्या फोटोंत सूनबाई अगदी स्पष्ट येतात आणि शेजाऱ्यांचं घर पुसट. कपडे काढायला मदत मात्र अजून आलेली नाही.

बाबांना गोडी वाटावी अशी एक गोष्ट. विमानतळापासून जवळच वुडफर्ड नावाचं गाव आहे. तिथे अ‍ॅव्रो कंपनीचा कारखाना होता, आता संग्रहालय आहे. इंडियन एअरलाइन्सची जी अ‍ॅव्रो विमानं तुमच्या पिढीनं पाहिली, त्यांचं मूळ घराणं हे. अ‍ॅव्रो ७४८ इथे १९६० मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९६१ ला, कानपूरला जुळवलेलं पहिलं विमान हवेत गेलं. चिरंजीवांनी संग्रहालयातल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाला हे कौतुकानं सांगितलं. त्यानं कानपूरची नावनिशी तारखांसकट परत ऐकवली. पाऊण तास. सूनबाई आणि नात तोवर केक खाऊन आल्या.

विमानात बघण्यासारखं काय, हा बाबांचा दुसरा प्रश्न. बाबा, बघायची हौस आपल्याकडे फार जुनी आहे. १८ फेब्रुवारी १९११ ला अलाहाबादच्या मैदानातून हेन्री पेके नावाचा फ्रेंच वैमानिक सुमारे साडेसहा हजार पत्रं घेऊन यमुनेपलीकडे नैनीला उतरला. विमानानं सरकारी डाक नेण्याची जगातली ही पहिली वेळ म्हणतात. त्या दिवशी मैदानात जी गर्दी लोटली होती, तिच्यातल्या कोणालाही शिडी न्यायला लागली नसावी. आकाशात दुसरं काही नव्हतंच.

आता डुमना, म्हणजे आपल्या जबलपूरचा विमानतळ. जानेवारीत चिरंजीव कॅमेऱ्यासह येताहेत आणि डुमन्याच्या कुंपणाशी बाबांच्या मित्राच्या जीपमधून जायचा बेत दोघांनी परस्पर ठरवला आहे, अशी खबर शाखेला मिळाली आहे. हा बेत रद्द समजावा. १९३७ च्या विमान नियमांतला तेरावा नियम विमानतळावर परवानगीशिवाय फोटो काढू देत नाही. २००१ मध्ये ग्रीसमध्ये कलामाताच्या लष्करी तळावर बारा ब्रिटिश आणि दोन डच स्पॉटरांना, म्हणजे विमानं बघणाऱ्या हौशींना, हेर म्हणून धरलं होतं. शिक्षा झाली, अपिलात सुटायला पुढचं वर्ष उजाडलं. २०१० मध्ये दिल्लीत विमानतळाजवळच्या हॉटेलातून विमानं टिपणाऱ्या दोन ब्रिटिश पाहुण्यांना पोलिसांनी पकडलं आणि दंड भरूनच ते घरी गेले. डुमन्याचा शिपाई 'काय बड्डे, का खेंच रए?' असं विचारील, तेव्हा पंख्याची पाती आणि बहात्तर अंश हे स्पष्टीकरण पुरणार नाही.

मँचेस्टरला काही मिनिटांना एक विमान, तर डुमन्याला दिवसाकाठी हातावर मोजण्याइतकी. २०२४ च्या जूनमध्ये फेऱ्या कमी झाल्या म्हणून जबलपूरकरांनी 'नो फ्लाइंग डे' पाळला, हे बाबांनीच कळवलं होतं. विमानं येत नाहीत म्हणून विमानात न बसण्याचा निषेध! चिरंजीवांचं म्हणणं मात्र उलटं आहे. इथे इतकी विमानं येतात की जात कळते, माणूस कळत नाही. लहान विमानतळावर एकेका विमानाचा इतिहास गावाला पाठ असतो. ४ डिसेंबर २०१५ ला मुंबईहून आलेल्या स्पाइसजेटच्या विमानापुढे धावपट्टीवर रानडुकरं आली, हे सगळ्या जबलपूरला माहीत आहे. १२ मार्च २०२२ ला दिल्लीची एटीआर धावपट्टी संपल्यावरही थांबली नाही; माणसं सुखरूप राहिली. धावपट्टी १,९८८ मीटरची होती, ती २,७५० मीटर झाली. १० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि जूनअखेर पहिल्याच मोठ्या पावसात पुढच्या छताचं कापड फाटून पाणी खाली उभ्या मोटारीवर कोसळलं. इथल्या स्पॉटरांना हे सगळं ऐकवल्यावर ते हेव्यानं गप्प झाले. मँचेस्टरला रानडुकरं नाहीत.

आणि आता खरी बातमी. मागच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर जबलपूरचा नकाशा पसरला गेला. आमटी गार झाली. धावपट्टीचे आकडे होकायंत्रावरून येतात: दिशेचे अंश घ्यायचे आणि शेवटचं शून्य टाकायचं. डुमन्याची धावपट्टी ०६-२४, म्हणजे एक टोक साठ अंशांकडे, दुसरं दोनशे चाळीसकडे. मँचेस्टरची ०५-२३. दोन्ही ईशान्य-नैर्ऋत्य, दहा अंशांचा काय तो फरक. चिरंजीवांनी पट्टी ठेवून डुमन्याची रेघ नैर्ऋत्येला वाढवली. रेघ रानातून निघाली, शहराला दक्षिणेकडून टाळत गेली आणि पंधराएक किलोमीटरवर नर्मदेला भिडली. नेमकी ग्वारीघाटापाशी. नातीनं बोट ठेवून 'आजोबांची गच्ची' असं जाहीर केलं, आणि नकाशावर आमटीचा डाग पडला, तो अजून तिथे आहे.

विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं. हिवाळ्यात तिकडे वारा बहुधा उत्तर-ईशान्येचा. तसा असला आणि वैमानिक सरळ रेषेत उतरायला आला, तर तो घाटावरून येणार. तीन अंशांच्या उताराचा हिशेब केला, तर त्या जागी विमान जमिनीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास असेल. म्हणजे ज्या जागेसाठी इथे मोटारीमागे पैसे मोजावे लागतात, ती बाबांच्या डोक्यावर फुकट आहे, आणि बाबा तिथे बसून वर न बघता हिवाळी पाहुण्या पक्ष्यांना शेव घालणाऱ्यांवर टीका करताहेत.

चिरंजीवांना आधी वाटलं, आपण विमानातूनच घराचा फोटो घेऊ. आतून फोटो काढायला प्रवाशाला हरकत नाही. तसं विमान वाहतूक महासंचालनालयानं (डीजीसीए) २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे, कर्मचाऱ्यांनी मना केलं नाही म्हणजे झालं. पण अडचण भूमितीची आहे. बरोबर पोटाखाली असलेली वस्तू विमानाच्या कुठल्याच खिडकीतून दिसत नाही. तेव्हा फोटो खालूनच काढावा लागणार, आणि तो बाबांनीच.

म्हणून पुढील कामं. बाबांनी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूनं पानं आखावीत: तारीख, वेळ, दिशा, प्रकार. पंख अंगाच्या वर आणि पंखे फिरताहेत, तर एटीआर. पंख खाली आणि आवाज मागून येतो, तर एअरबस. मोबाइल आडवा धरावा. आरतीच्या वेळी विमान आलं तर आरती पुरी करावी, विमान परत येईल. आईंनी गच्चीवरची वाळत घातलेली साडी कोणत्या दिशेला फडफडते ते सांगावं. नर्मदेकडे फडफडत असली, तर बाबांनी तयार राहावं. डुमन्याकडे फडफडत असली, तर विमान पलीकडून उतरेल. बाबांनी निवांत खोव्याची जिलबी आणायला जावं. जिलबी अर्धा किलो. चिरंजीवांची विमानतळावरून घरी यायची वेळ लक्षात घेऊन गरम मिळेल असं बघावं.

नातीचा गोड पापा. कळावे.

आपली,
मँचेस्टर शाखा

ता. क. वहीत वेळ भारतीय लिहायची की ग्रीनविचची, याचा निर्णय बाबांनी घ्यावा, असं चिरंजीव म्हणतात. सूनबाईंचं मत असं की कुठलीही लिहा, पण आईंनी पानं वाढल्यावर कोणी गच्चीवर जायचं नाही.