तर्जनीमीमांसा

आवडते गाणे एकट्याने ऐकता येत नाही, हा या शास्त्राचा पहिला सिद्धान्त. त्यावर पूर्वपक्ष असा की, रात्री दहाला दिवा मालवून, ट्रान्झिस्टर उशाशी घेऊन असंख्य लोक वर्षानुवर्षे एकटेच 'छायागीत' ऐकत आले, त्यांचे काय? उत्तर सोपे आहे. त्यांना दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये किंवा दुधाच्या रांगेत कोणाला तरी 'काल ऐकलंस का?' असे विचारायचे असते. तोवर त्यांचे ऐकणे जामिनावर सुटलेले असते.

शौकिनांचे वर्ग दोन : ऐकणारे आणि ऐकवणारे. ऐकणाऱ्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही, ते गप्प बसतात. ऐकवणारा ओळखावा तो उजव्या हाताच्या तर्जनीवरून. मुखडा संपत आला की ती वर चढू लागते, पाठोपाठ भुवया चढतात आणि 'आता... आता बघ हं' हे शब्द नेमके त्याच क्षणी उमटतात, ज्या क्षणी व्हायोलिनचा तो तुकडा वाजून जातो. समोरच्याच्या कानी तुकडा पडत नाही. त्याला तर्जनी तेवढी दिसते. तरी तो 'वा!' म्हणतो. ऐकवणाऱ्याला हवे असते ते एवढेच. तुकडा त्याला पाठ आहे. त्याला हवा असतो साक्षीदार.

ही तर्जनी उपजत की अर्जित? या वादाचा निकाल 'गीतरामायणा'ने लावला, असे आमचे मत आहे. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला माडगूळकर-फडक्यांचे एक नवे गीत लागे. अशी 56 गीते झाली. लोक रेडिओला हार घालत, हात जोडून बसत. जोडलेल्या हातांतून तर्जनी सुटी होत नाही, हे शारीर कारण झाले. खरे कारण असे की गीत कोरे करकरीत होते, पुढे काय येणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. मात्र तेच गीत शनिवारी आणि रविवारी पुन्हा लागे. शुक्रवारी निव्वळ श्रोता असलेला माणूस शनिवारी सकाळी शेजाऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारून 'ही जागा ऐका' म्हणू शकत होता. म्हणजे तर्जनी अर्जित आहे आणि तिला उगवायला एक रात्र पुरते.

याच काळात सिनेसंगीताच्या शौकिनांवर निराळाच प्रसंग होता. 1952 साली नभोवाणीमंत्री झालेल्या केसकरांना सिनेमाची गाणी मानवत नव्हती. आकाशवाणीवरून ती हटली आणि देशभरचे काटे रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. पुढे बुधवारची रात्र म्हणजे गीतमाला, हे ठरूनच गेले. चाळीत ज्याच्याकडे सेट त्याच्याकडे मंडळी. लायसन्स सेटचे असे, कानांचे नसे, ही सरकारची मोठीच कृपा.

परंतु सिलोन लघुलहरींवर. या लहरी आकाशात शेकडो किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरांवरून परततात, वेगवेगळ्या वाटांनी घरी पोचतात आणि कधी एकमेकींना बळ देतात, कधी एकमेकींना खाऊन टाकतात. मग आवाज समुद्राच्या भरतीओहोटीसारखा हेलकावतो. ज्या जागेसाठी तर्जनी उगारली, नेमकी तीच जागा बुडते. सामान्य माणूस इथे हताश झाला असता. ऐकवणारा होत नाही. बुडालेली जागा तो स्वतःच्या गळ्यातून भरून काढतो आणि लहर परतते तेव्हा गाणे पुढे गेलेले असते, हा मात्र मागे.

आता फर्माईश. फर्माईश ही लेखी तर्जनी होय. पोस्टकार्डावर गाण्याचे नाव एका ओळीत, उरलेल्या जागेत आई, बाबा, काका, पिंकी, बंटी आणि समस्त मित्रपरिवार. यातल्या काकांना ते गाणे मुळीच आवडत नसे, बंटी तर पाळण्यात असे; पण साक्षीदाराची संमती घेण्याची प्रथा नाही. अभ्रकाच्या खाणींचे झुमरीतलैया हे गाव याच बळावर देशभर ठाऊक झाले. तिथल्या अभ्रकाचे कोणी नाव काढत नाही. 'आपली आवड'मध्ये आपले नाव वाचले गेले की घरात 'आपलं नाव! आपलं नाव!' असा जो कल्लोळ उठे, तो गाणे संपेपर्यंत ओसरत नसे. ज्या गाण्यासाठी महिनोन् महिने पत्रे टाकली ते त्या घरात कोणीही ऐकलेले नाही, हे आमच्या सिद्धान्ताला बळकटी देणारे आहे.

हल्ली गाणे मोबाईलवर धाडतात. सहा मिनिटांच्या गाण्याला चाळीस सेकंदांत 'मस्त' असे उत्तर येते. यावर अधिक लिहिण्याची इच्छा नाही.

एकच प्रकरण अनिर्णीत राहते : एका खोलीत दोन ऐकवणारे. पहिल्याची तर्जनी व्हायोलिनवर उठते, दुसऱ्याची गायिकेने दोन ओळींच्या मधे घेतलेल्या श्वासावर. पहिला 'थांब' म्हणतो, दुसरा 'तू थांब' म्हणतो. गाणे कोणासाठीच थांबत नाही. रेडिओवर ते परत लावता येत नसल्याने दोघेही आपापली जागा आपापल्या पट्टीत म्हणून दाखवू लागतात. तोवर पुढचे गाणे सुरू झालेले असते आणि त्यातही जागा असतात. अशा वेळी घरातल्या तिसऱ्या व्यक्तीने काटा फिरवून बाजारभाव लावले, तर तिच्याकडून खुलासा मागू नये.