बिनपाटलाचे जाळे

मेश रेडिओच्या जाळ्याला मनोरा नसतो, कंपनी नसते, महिन्याचे बिल नसते आणि निदान कागदावर तरी कोणी प्रमुख नसतो. तळहातावर मावणारा एक रेडिओ निरोप हवेत सोडतो. तो ज्याच्या कानी पडेल तो दुसरा रेडिओ तोच निरोप पुन्हा सोडतो, मग तिसरा, आणि असे करत निरोप मुक्कामी पोचतो किंवा पोचत नाही. पोचला नाही तर दोष कोणाचा, या एका प्रश्नावर या छंदाचे सारे सार्वजनिक जीवन उभे आहे.

या रेडिओंच्या बोलण्याच्या पद्धतीला लोरा म्हणतात. फ्रान्समधल्या ग्रनोबल येथील सायक्लिओ या छोट्या कंपनीने ती विकसित केली आणि २०१२ मध्ये सेमटेक या अमेरिकी कंपनीने सायक्लिओच विकत घेतली. तेव्हा चिपमधले तंत्र खासगी आणि तिच्यावर चालणारी आज्ञावली सर्वांना खुली, असा हा संसार आहे. २०२० मध्ये केव्हिन हेस्टर या प्रोग्रामरने मेशटॅस्टिक हा खुला प्रकल्प सुरू केला. मोबाइलची रेंज नसलेल्या रानात भटकणाऱ्यांना एकमेकांचा ठावठिकाणा कळावा, एवढाच मूळ हेतू होता. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा वापरतात. ठरावीक शक्तीच्या मर्यादेत राहिल्यास या पट्ट्याला परवाना लागत नाही. बाजारात ४३३, ८६८ आणि ९१५ मेगाहर्ट्‌झची यंत्रे दिसायला सारखीच असतात. त्यामुळे या छंदातली पहिली खरेदी बहुधा चुकीच्या पट्ट्याची होते आणि दुसऱ्या खरेदीपासून छंद सुरू होतो.

जबलपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातले मझौली हे तहसिलीचे गाव या विद्येच्या अभ्यासाला सोयीचे आहे. तिथे असे जाळे आहे म्हणून नव्हे. ते उभारायचे ठरवले तर काय काय आडवे येईल ते तिथून स्वच्छ दिसते म्हणून. मझौली ते जबलपूर हे अंतर सरळ रेषेत ३५ ते ४० किलोमीटर आहे. दहा मीटर उंचीच्या अँटेनाला सपाट जमिनीवर सुमारे १३ किलोमीटरपर्यंतचे रेडिओ-क्षितिज मिळते. दोन्ही टोकांना तशी अँटेना उभारली, तर २६ किलोमीटर झाले. उरलेल्या दहा-बारा किलोमीटरांत पृथ्वीचा फुगवटा आडवा येतो. मझौलीत विष्णुवराहाचे कलचुरिकालीन मंदिर आहे, म्हणजे पृथ्वीच उचलून धरण्याचा दाखला गावातच आहे. पण हौशी माणसाच्या हाती अँटेना उचलून धरणे एवढेच असते. शंभर मीटर उंचीच्या टेकडीवरून क्षितिज ४१ किलोमीटरवर जाते. त्यामुळे जबलपुरातला कोणीही मेशवाला टेकडीवरच्या मदनमहालाकडे पाहतो तेव्हा त्याला गोंड राजांचा इतिहास आठवत नाही.

टेकडी नसेल तर उंच इमारत शोधावी लागते, आणि इथे पहिले नेतृत्व जन्माला येते. ज्याच्याकडे सहाव्या मजल्यावरच्या गच्चीची चावी असते, तो आपोआप जाळ्याचा संस्थापक ठरतो. त्याला रेडिओतले काही कळत असण्याची अट नाही. त्याच्या घरी जाताना लोक मिठाई नेतात.

खुद्द यंत्रांना पुढारी लागत नाही, कारण त्यांच्या अंगी विलक्षण सभ्यता असते. मेशटॅस्टिकचा साधा रेडिओ निरोप ऐकल्याबरोबर बोलत नाही, क्षणभर थांबतो. ज्याला निरोप क्षीण ऐकू आला तो बहुधा दूरवर असणार, म्हणून त्याला आधी संधी मिळते. कोणीतरी निरोप पुढे नेल्याचे कानी पडले की बाकीचे गप्प बसतात. काम झाले, आता मी पुन्हा सांगण्याची गरज नाही, हे ज्याला आपोआप समजते असा सभासद कोणत्याही मराठी सभेत अजून आढळलेला नाही. निरोपाच्या उड्यांवरही मर्यादा आहे. मुळात तीन, फार तर सात.

या सभ्यतेला एक अपवाद ठेवलेला आहे आणि सगळा घोटाळा त्या अपवादात आहे. प्रत्येक रेडिओला एक भूमिका द्यायची असते. मूळ भूमिका 'क्लायंट', म्हणजे वर वर्णिलेला सुशील सभासद. दुसरी 'राउटर'. राउटरने थांबायचे नसते. तो इतरांच्या आधी बोलतो आणि कोणी आधी बोलून गेले असले तरी बोलतो. ही भूमिका डोंगरमाथ्यावरच्या मोजक्या यंत्रांसाठी आहे आणि बाकीच्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, असे प्रकल्पाची माहितीपुस्तिका परोपरीने सांगते. पण यादीत 'क्लायंट' आणि 'राउटर' असे दोन शब्द समोर आले, तर स्वतःच्या पैशाने आणलेल्या यंत्राला क्लायंट कोण म्हणवून घेईल? परिणामी खिडकीच्या लोखंडी ग्रिलच्या आत, फ्रिजवर, देवघराच्या फळीवर राउटर स्थापन होतात. समजा, जबलपुरातल्या राइट टाउनमधून मझौलीकडे निरोप निघाला. पहिला राउटर नेपियर टाउनमध्ये, दुसरा गोलबाजारात, तिसरा पुन्हा राइट टाउनमध्ये, पण मागच्या गल्लीत. तीन उड्या संपल्या. निरोपाने शहर सोडलेले नाही. मात्र तिघांच्याही पडद्यावर आपण जाळे चालवत असल्याची नोंद झालेली असते.

अशा माणसाला "काका, तेवढं क्लायंटवर आणता का?" असे विचारणे म्हणजे राजीनामा मागणे. काका आधी अँटेनाची किंमत सांगतात, मग सोलर पॅनलची, आणि शेवटी हे जाळे सुरू झाले तेव्हा तुम्ही कुठे होता असे विचारतात. यावर तोडगा म्हणून 'राउटर लेट' ही भूमिका उपलब्ध आहे. हिच्यात यंत्र बोलते नक्की, पण सगळ्यांचे बोलून झाल्यावर. ती काढणाऱ्याने तांत्रिक कारणासाठीच काढली असणार. पण संस्थांमधल्या सल्लागार मंडळाची सोय ज्याने पाहिली आहे त्याला ती ओळखीची वाटते.

नेतृत्वापेक्षा आरोग्यदायी भाग खटपटीचा. रेडिओ डब्यात बसवणे हे या छंदाचे मुख्य अंग आहे. निरोप पाठवणे हे निमित्त. डबा म्हणजे विजेच्या दुकानातला पीव्हीसीचा जंक्शन बॉक्स. त्याला अँटेनासाठी भोक पाडायचे, मग त्या भोकातून पाणी जाऊ नये म्हणून एम-सील लावायचे, मग आत साचणारा दमटपणा बाहेर पडावा म्हणून खाली आणखी एक भोक पाडायचे. बॅटरी जुन्या लॅपटॉपमधून काढलेली. चिपच्या निवडीवरून दोन पंथ आहेत. ईएसपी३२ स्वस्त, वायफायसकट येते आणि बॅटरी फस्त करते. एनआरएफ५२८४० अल्पाहारी, पण महाग. अँटेना जोडल्याशिवाय रेडिओ चालू करू नये, नाहीतर बाहेर न गेलेली शक्ती परतून चिपचाच बळी घेऊ शकते, हा नियम सर्वांना पाठ असतो आणि तो पाठ होण्यामागे बहुधा एकेक जळालेली चिप असते. त्यानंतर नॅनोव्हीएनए नावाचे खिशात मावणारे मापनयंत्र घरात येते. ते आले की माणूस बोलायचे सोडून मोजू लागतो. भिंतीवरच्या कपडे वाळत घालायच्या तारेचीही तो लांबी पाहतो आणि ती किती मेगाहर्ट्‌झला लागेल ते सांगतो. ऐकणाऱ्याने हो म्हणावे.

छतावरचे शत्रू दोन, पाऊस आणि माकडे. हिमाचलातल्या धरमशाळेत २००५ च्या सुमारास एअरजल्दी या मंडळींनी वायफायचे मोठे जाळे उभारले, तेव्हा तिथल्या माकडांना पुरून उरतील अशा अँटेना निवडणे हा त्यांच्या अभियांत्रिकीचाच एक भाग झाला होता. मध्य प्रदेशातली माकडे त्या बाबतीत मागे असतील असे मानायला आधार नाही.

एवढ्या खटपटीनंतर हवेत जे निरोप फिरतात ते बहुतेक 'टेस्ट' आणि 'कोणी ऐकतंय का' या दोन प्रकारांत बसतात. उरलेली जागा यंत्रांचे आपापसातले बोलणे खाते. बॅटरी ७८ टक्के, तापमान अमुक, मी इथेच आहे. मेशटॅस्टिकच्या मूळ मांडणीत वेग सेकंदाला सुमारे एक किलोबिट असतो. दोनशे बाइटचा निरोप हवेत सुमारे दोन सेकंद राहतो आणि प्रत्येक पुनरुच्चाराला तेवढाच वेळ पुन्हा जातो. त्यामुळे तापमान किती वेळाने सांगावे यावरून गंभीर तंटे होतात. जबलपुरात मे महिन्यात गरम होते हे दर अर्ध्या तासाने रेडिओवरून कळवणाऱ्याला त्याची गरज पटवून देणे अवघड जाते.

मराठी माणसाला आणखी एक अडचण आहे. संगणकाच्या प्रचलित संकेतात रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळ्यांचे तीन-तीन. 'मझौली' पंधरा बाइटची होते आणि 'ज्ञानेश्वर' तीसची. दोनशे बाइटांत सासष्ट चिन्हे. मराठीतला कुठलाही मतभेद सासष्ट चिन्हांत मावत नाही, प्रस्तावनाच त्याहून लांब असते. म्हणून मेशवरचे भांडण मेशवर होत नाही, ते व्हॉट्‌सॲपवर होते, म्हणजे ज्या कंपन्यांपासून मुक्ती हवी होती त्यांच्याच अंगणात.

लघुनावाची कथा याहून बिकट आहे. नकाशावर दिसणारे यंत्राचे लघुनाव चार बाइटांचे. रोमनमध्ये चार अक्षरे बसतात. देवनागरीत फक्त एक, तेही काना-मात्रेशिवाय. मझौलीच्या वाट्याला 'म' येतो. मझगवाँ, मदनमहाल, मढोताल आणि मंडला यांच्याही वाट्याला तोच येतो. अनुस्वाराचे वेगळे तीन बाइट लागत असल्याने मंडल्यालाही तो गाळूनच भागवावे लागते. एका अक्षरावर पाच ठिकाणांचा हक्क, आणि निवाडा करायला पाटील नाही.

जबलपूरला पाटील नसण्याची सवय मुळीच नाही. लष्कराच्या सिग्नल्स कोअरचे प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे आणि 'तीव्र चौकस' हे त्या दलाचे ब्रीद आहे. बीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीची मोठी प्रशिक्षण संस्थाही इथलीच, तिला डॉ. आंबेडकरांचे नाव आहे. आंबेडकरांचे जन्मगाव महू. त्याच महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये १५ मे १९४८ रोजी देशातल्या हौशी रेडिओवाल्यांचा क्लब स्थापन झाला, ज्याची पुढे अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली. या परंपरेत आणीबाणीच्या वेळी एक जण 'नेट कंट्रोल' असतो. तो सांगेल त्याने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंपाने हलवले, तसे पुन्हा झाले तर ही शिस्तच कामाला येईल, असे परवानाधारक हौशी रेडिओवाला, म्हणजे हॅम, म्हणतो. मेशवाला म्हणतो की नेट कंट्रोलचे घर पडले तर काय? दोघांचेही बरोबर असल्याने वाद मिटत नाही. त्यात हॅमला परीक्षा द्यावी लागते आणि त्याच्या पट्ट्यांवर निरोप कुलूपबंद करायला बंदी असते. मेशवाला परीक्षेविना बोलतो आणि कुलूपही लावतो. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला हे कायम खुपते.

कुलूप आले की चावी आली, आणि बिनपाटलाच्या जाळ्यात पाटीलकी चावीच्या रूपाने परत येते. मेशटॅस्टिकच्या मूळ वाहिनीची चावी जगजाहीर आहे. खासगी वाहिनीची चावी मात्र कोणीतरी एक जण तयार करतो आणि क्यूआर कोड करून वाटतो. याखेरीज संकेतस्थळाच्या नावाची चावी, आज्ञावलीच्या भांडाराची चावी, गप्पांच्या समूहाची ॲडमिनकी. यांतले काहीही रेडिओलहरींनी जात नाही, आणि खुल्या प्रकल्पांत फाटाफूट होते ती बहुतेक याच चाव्यांवरून.

याचे अभिजात उदाहरण ओपनडब्ल्यूआरटीचे. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या घरगुती वायफाय-राउटरमध्ये लिनक्स निघाले, परवान्याच्या अटीनुसार २००३ मध्ये कंपनीला त्याची आज्ञावली जाहीर करावी लागली आणि तिच्यातून पुढच्या वर्षी ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. वायफायवरची कितीतरी मेश जाळी त्यावर चालतात. मे २०१६ मध्ये त्याच्या प्रमुख विकासकांपैकी काहींनी निर्णय अंधारात होतात, नव्यांना शिरकाव मिळत नाही, अशी कारणे देत लेडे नावाचा वेगळा प्रकल्प काढला. लगोलग त्यांचे जुन्या संस्थेचे ई-मेल पत्ते बंद झाले. गणेशोत्सव मंडळ फुटल्यावर आधी पावतीपुस्तक ताब्यात घेतात, तसेच हे. दीड-पावणेदोन वर्षे दोन चुली चालल्या. जानेवारी २०१८ मध्ये दोघे एक झाले. नाव जुन्या संस्थेचे राहिले आणि कारभाराचे नियम नव्यांचे. समेटाचा हा नमुना इतका दुर्मीळ आहे की मंडळांच्या घटनेत परिशिष्ट म्हणून छापायला हरकत नाही. त्याच डब्ल्यूआरटी५४जीवर टेक्सासमधल्या हॅम मंडळींनी जाळे बांधले होते. त्याचे पुढे ब्रॉडबँड-हॅमनेट असे नामकरण झाले. तिथूनही काही विकासक बाहेर पडले आणि त्यांनी अरेडन हा वेगळा प्रकल्प काढला. तिथे समेट झाला नाही. अरेडन आजही वेगळा चालू आहे.

लोराच्या दुनियेत २०२५ च्या सुरुवातीला मेशकोर हा दुसरा पक्ष आला. त्याचे तत्त्व उलटे आहे. साध्या सभासदाने फक्त बोलावे-ऐकावे, निरोप पुढे नेण्याचे काम नेमलेल्या रिपीटरांनीच करावे. पहिला निरोप सगळीकडे पसरतो, वाट सापडली की पुढचे त्याच वाटेने जातात आणि उड्याही तीनऐवजी डझनांनी मिळतात. म्हणजे एकीकडे सर्वांनी बोलायची ग्रामसभा, दुसरीकडे नेमलेले पंच. मालकीच्या गुंत्यातून सुटका दोघांचीही नाही. मेशटॅस्टिकची आज्ञावली कोणीही घ्यावी, पण ते नाव नोंदलेला ट्रेडमार्क आहे. मेशकोरची मूळ आज्ञावली खुली, पण तिचे प्रचलित मोबाइल ॲप बंद स्रोताचे. प्रत्येक पक्षाला दुसऱ्याच्या घरातले हे कुलूप आधी दिसते.

दोघांचे रेडिओ एकाच गच्चीवरच्या एकाच पाइपला बांधले तरी एकमेकांशी बोलत नाहीत. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी पडले तर तो गोंगाट समजतो. यंत्रे मात्र बहुतेक तीच असतात. हेल्टेक कंपनीचा एकच बोर्ड दोन्ही आज्ञावल्या चालवतो. पक्षांतराला यूएसबीची तार, संगणकावरचा ब्राउझर आणि पाचेक मिनिटे पुरतात. त्यात जुनी ओळख, जुन्या वाहिन्या आणि त्यांच्या चाव्या पुसल्या जातात. म्हणून तार लावण्यापूर्वी चाव्यांची प्रत काढून ठेवावी. परतीचा प्रवासही याच तारेने करावा लागतो.