एकमताची सभा

बीड जिल्हा परिषदेच्या कारभारात झालेली सुधारणा पाहून करदात्याचा ऊर भरून यावा. 2017 साली निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मार्च 2022मध्ये संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. त्याआधीची सर्वसाधारण सभा आठवून पाहा. आष्टीपासून परळीपर्यंतचे 60 सदस्य, इतिवृत्त कायम करण्यावरून खडाजंगी, 'माझ्या गटाला निधी का नाही' हा सवाल, वर चहा-नाष्ट्याचे बिल.

आता मुख्य कार्यकारी अधिकारी प्रस्ताव सादर करतात. प्रशासक तो बारकाईने वाचून मंजूर करतात. दोघांत मतभेद झाल्याचे ऐकिवात नाही. गणपूर्ती कायम शंभर टक्के, सभात्याग शून्य. आयत्या वेळच्या विषयाने दचकायला कोणी उरलेलेच नाही.

ही सोय इथेच थांबवणे अन्यायाचे होईल. लेखापरीक्षणाचे आक्षेपही त्याच टेबलावर काढावेत, तिथेच खुलासा मागवावा, तिथेच 'खुलासा समाधानकारक' असा शेरा मारावा. विधिमंडळाच्या पंचायत राज समितीचा दौरा आणि त्यापायी होणारी विश्रामगृहाची रंगरंगोटी वाचेल. मग राहता राहिली एकच उधळपट्टी, मतदारयादी. लाखो नावे छापायची कशाला? एक पुरे.

पंचायतीची मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण करा, असे संविधानाचे कलम 243-ई सांगते. ते कलम बहुधा अजून प्रशासकांपुढे मंजुरीसाठी आलेले नसावे.