थेंबे थेंबे ठिपका साचे

मी पेणच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. 'पाण्याचा कठीणपणा' हा माझा हुकमी धडा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून साबणाला फेस येत नाही, हे मी वीसेक वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. घरी आंघोळीला साबणाला फेस आला नाही, की मात्र मी साबणाच्या कंपनीला शिव्या घालतो. फळ्यावरचं पाणी वेगळं आणि बादलीतलं वेगळं, अशी माझी बहुधा समजूत असावी.

तालुक्यात हेटवण्याचं धरण आहे. त्याचं पाणी थेट नवी मुंबईला जातं. आमच्या सोसायटीला मात्र आपलं बोअर. पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं भारतीय मानक सांगतं. आमचं बोअर कुठे बसतं, ते मी मोजलेलं नाही. आई म्हणते, "मोजायचंय काय त्यात? तुरीची डाळ टाक, कळेल."

तर एप्रिलमध्ये मी जुन्या बाजारातून गाडी घेतली. गडद निळी. मेव्हण्याच्या साखरपुड्याला रोह्याला जायचं होतं. त्या रविवारी सकाळी अकरा वाजता, बॉनेटवर घावन निघेल अशा उन्हात, मी बोअरच्या पाण्याने तिला मनसोक्त न्हाऊ घातली. ती आपोआप वाळावी म्हणून तशीच सोडली आणि जेवायला बसलो. वरणभात संपवून खाली आलो तर गाडीला देवी आल्या होत्या. छतापासून डिकीपर्यंत पांढरे ठिपके.

रोह्याला मांडवाच्या दारात सासरेबुवांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि आस्थेने विचारलं, "रंगाला काढलीय का?"

तिथून माझ्या संशोधनाला तोंड फुटलं. गाडीवर मेणाचा थर हवा, असं कळलं. उत्तम मेण म्हणे कार्नोबाचं. ते ब्राझीलमधल्या एका ताडाची पानं वाळवून, झोडपून काढतात. आपण माडाच्या झावळ्यांचे हीर काढून झाडू बांधतो, त्यांनी डबीत भरून आपल्याला विकलं! मेण सावलीत, गार पत्र्यावर, अगदी पातळ लावायचं असतं. मी ते उन्हात, थालीपीठ थापावं तसं लावलं. खिडक्यांच्या रबरांत ते पांढरंफटक होऊन असं बसलं, की आजही दात घासायच्या ब्रशने निघत नाही.

पण नंतर पाणी मारलं आणि काय सांगू! बॉनेटवर थेंबांचे टपोरे मोती उभे राहिले. हिला, आईला, खालच्या मजल्यावरच्यांना, सगळ्यांना बोलावून दाखवलं. वाहवा घेतली, चहा घेतला. परत येऊन बघतो तर प्रत्येक मोत्याच्या जागी कंपासने काढल्यासारखं एक वर्तुळ. आधीचे डाग निदान ओबडधोबड होते, आता त्यांना परीघ आला होता. कारण सोपं होतं. मेणामुळे पाणी पसरत नाही, थेंबात गोळा होऊन उभं राहतं. थेंब आटला, की त्यातला सगळा क्षार त्या एवढ्याशा जागी बसतो. म्हणजे ब्राझीलमधून मेण आणून मी क्षारांना बसायला पाट मांडून दिले होते.

पनवेलच्या एका जाणकाराला फोन लावला. तो घाईत म्हणाला, "सर, आधी क्ले मारा, मग सीलंट लावा." क्ले म्हणजे माती. आणि पेणमध्ये राहून माती शोधत हिंडायचं? शेजारीच गणपतीचा कारखाना आहे. मूर्तिकार काकांकडे शाडूचा गोळा मागितला.

"किती फुटी करायचीय, सर?"

"असेल बारा-तेरा फूट."

काकांचा हात मातीत तसाच थांबला. "शाडूत नाही उभी राहायची एवढी. प्लास्टरमध्ये करा."

गाडीसाठी हवीय, हे सांगायची मला लाज वाटली. "बघतो जमतं का," म्हणून गोळा घेऊन आलो आणि ओला करून अर्धा तास बॉनेटवर घासला. डाग फिकट झाले. उन्हात बघितलं तेव्हा डागांच्या खाली बारीक ओरखड्यांचं जाळं दिसलं, कोळ्याने रात्रभर राबून विणल्यासारखं.

शेवटी काकाच बघायला आले. त्यांनी बॉनेटवरून बोटाचं टोक फिरवलं. मूर्तीच्या गालाचा गुळगुळीतपणा जोखतात, तसंच. "शाडू कितीही गाळला तरी कण राहतो, सर. आम्ही मूर्तीला पॉलिश पेपर मारतो ना, तेच केलंत तुम्ही. फरक एवढाच, की आम्ही रंगाच्या आधी मारतो."

ती क्ले म्हणजे माती नसतेच, हे मला नंतर कळलं. तो रबरासारखा मळलेला कृत्रिम लगदा असतो, आणि तोही साबणाच्या पाण्यावर निसरडा करूनच फिरवायचा असतो.

मधल्या काळात आई ओट्यावर तांब्याचा हंडा आमसुलाने घासत होती. तिचं माझ्याकडे लक्षही नव्हतं, पण माझ्या डोक्यात एकदम घंटा वाजली. आम्ल! कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं, हाही माझाच धडा. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घातलं, सावलीत एकेका डागावर फडकं टेकवलं आणि लगेच धुऊन काढलं. डाग गेले! त्यांच्याबरोबर उरलंसुरलं मेणही गेलं.

मग गाडी घेऊन पनवेलला शरण गेलो. ओरखडे पॉलिश करून सीलंट चढवायचे साडेचार हजार झाले. मेण काही आठवडे टिकतं, हे कृत्रिम सीलंट काही महिने टिकेल, असं तो म्हणाला. मी विजयी मुद्रेने विचारलं, "म्हणजे आता डाग पडणार नाहीत?"

"पडणार की. चिकटून बसणार नाहीत, एवढंच. धुतल्यावर लगेच पुसायची, सर." आणि त्याने ऐंशी रुपयांचं एक मऊ फडकं हातात ठेवलं. ते मी आधी घेतलं असतं तर, हा हिशेब मी अजून हिच्यापुढे मांडलेला नाही.

तेव्हापासून सूर्य उगवायच्या आत एका बादलीत गाडी धुतो आणि तिच्यावर एक थेंब उरू देत नाही. पलीकडे खारेपाटात उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात, ते आठवलं, की बादली अर्धीच घेतो. शेवटचा हात मारायला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटरही आणलं होतं, पण ते हिने इन्व्हर्टरमध्ये ओतलं.

जूनमध्ये पहिली सर आली. पावसाच्या पाण्यात कठीणपणा जवळपास नसतोच, हेही मीच शिकवतो. पण हाताला सवय लागलेली. फडकं घेऊन धावत खाली गेलो आणि छत पुसायला घेतलं. शेजारी काका मूर्तींवर प्लॅस्टिक ओढत होते. ते हातातलं टोक तसंच धरून माझ्याकडे बघत राहिले. वरून गॅलरीतून हिचा आवाज आला, "अहो, निदान पाऊस थांबू तरी द्या!"