गुरुवारचा तांबडा रस्सा

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. एरवी बाप फर्स्ट शिफ्टला, लेक नाईटला. दोघांची गाठ पडते ती फ्रीजवरच्या चिठ्ठीत. अख्खं घर एकत्र जेवायला बसतं ते गुरुवारीच. घर मूळचं कोल्हापूरचं, म्हणजे तांबडा-पांढरा हवाच. पण गुरुवार दत्ताचा, स्वामींचा, साईबाबांचा! मग कांदा-लसूण मसाल्याची बरणी फळीवरच राहते आणि ताटात पडते साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट. रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांग लागते, तेव्हा खाणारे कंपनीच्या कँटीनमध्ये पातळ डाळ ओरपत असतात. देवांनी उद्योग खात्याला विचारून वार घेतले नाहीत, हे कबूल. पण सुट्टीचा वार ठरवणाऱ्यांनी एखाद्या कोल्हापूरकराला विचारलं असतं, तर काय बिघडलं असतं?