तलवारीकडे बघू नये: क्लास निवडणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

'बाल्डर्स गेट ३' सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं तुम्ही नुसतं बघायचं असतं. उडत्या जहाजात तोंडाला सोंडा फुटलेला एक प्राणी येतो, वळवळणारी अळी तुमच्या डोळ्यावाटे मेंदूत सोडतो, आणि एवढं झाल्यावर गेम सगळं थांबवून अदबीनं विचारतो की आपण कोण.

उत्तराची घाई करू नये. तशी कुणी करतही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये गेम बाजारात आला तेव्हा पहिल्या शनिवार-रविवारातच खेळाडूंनी कॅरेक्टर बनवायच्या स्क्रीनवर मिळून ८८ वर्षं घालवली, असं तो बनवणाऱ्या लॅरियन या बेल्जियमच्या कंपनीनं स्वतःच जाहीर केलं होतं. तुमचा एक रविवार त्यात कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पहिली पायरी चेहऱ्याची. शिंगांचा बाक, केसांची रंगछटा, दोन डोळ्यांना दोन रंग, हे सगळं मनसोक्त करून घ्यावं. या चेहऱ्यावर पुढे शिरस्त्राण चढणार आहे, तेव्हा ते लपवायचं बटण कुठे आहे तेही आत्ताच शोधून ठेवावं.

मग येतो क्लास, म्हणजे तुमच्या पात्राचा पेशा, आणि इथे १२ पर्याय समोर उभे राहतात. या सगळ्याचं मूळ असलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-पेन्सिलीचा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये काढला, तेव्हा तीनच क्लास होते: लढणारा, जादू करणारा आणि देवाधर्माचं बघणारा. चोरसुद्धा पुढच्या वर्षी आला. त्या पिढीचा निर्णय चहा होईपर्यंत उरकत असावा. आज १२ क्लास, प्रत्येकाच्या पोटात उपक्लास, शिवाय दोन-तीन क्लासांची खिचडी करायची मुभा. नवशिक्याने खिचडीच्या वाटेला जाऊ नये. ती ज्यांना जमते ते मार्गदर्शन वाचत नाहीत, ते कोष्टकं करतात.

आता मुख्य नियम. नवशिके सगळे एकाच गोष्टीवर भाळतात, ती म्हणजे चित्रातल्या माणसाच्या हातातलं हत्यार. केवढी तलवार, केवढी कुऱ्हाड! ही चूक आहे. पार्टी चौघांची असते आणि मारामारीसाठी माणसं वाटेत आपणहून भेटत जातात. लेझेल फायटर आहे, कार्लाक बार्बेरियन, शॅडोहार्ट क्लेरिक, गेल विझर्ड, विल वॉरलॉक आणि अ‍ॅस्टेरियन रोग, म्हणजे चोर, शिवाय रक्तपिपासू. ही सगळी मंडळी पहिल्याच अंकात हजर होतात. तलवारीला तोटा नाही. तोटा आहे तो तोंडाचा. दाराशी उभा पहारेकरी, चिडलेला गॉब्लिन, पिंजऱ्यात अडकलेला कुणीतरी, हे सगळे बहुतेक वेळा तुमच्याशीच बोलायला येतात. संभाषण सुरू झालं की मागे उभ्या असलेल्या जाणकाराला 'आता तू बोल' म्हणता येत नाही. मन वळवणं, थाप मारणं आणि दम देणं ही तिन्ही कामं करिष्मा या एकाच गुणावर चालतात. तो ८ ठेवून तुम्ही दणकट फायटर झालात, तर बोलणं जमलं की नाही हे ठरवणारा वीस बाजूंचा फासा पडेल, चार ही संख्या दिसेल, आणि जी गोष्ट दोन गोड वाक्यांत मिटली असती तिच्यासाठी अकरा जणांशी लढावं लागेल.

तेव्हा करिष्मा ज्यांचा मुख्य गुण आहे असे चारच क्लास नवशिक्याने मनावर घ्यावेत.

वॉरलॉक हा कुणा सैतानाशी किंवा तसल्याच थोर आसामीशी करार करून जादू मिळवतो. सुरुवातीला त्याच्याकडे मोठ्या जादूच्या एक-दोनच खेपा असतात, पण थोडा वेळ टेकला की त्या परत भरतात. मधल्या काळात तो एल्ड्रिच ब्लास्ट नावाचा जादूचा झोत सोडतो. नंतरही तोच सोडतो. ज्यांना रोज तीच भाजी चालते त्यांना हा क्लास मानवतो.

सॉर्सररला जादू जन्मतःच मिळालेली असते, अभ्यास करावा लागत नाही. विझर्डला त्याचा संताप येणं साहजिक आहे. तो बिचारा सापडलेल्या गुंडाळ्यांवरून मंत्र वहीत उतरवतो आणि त्यासाठी मंत्राच्या पातळीमागे ५० सुवर्णमुद्रा मोजतो. गेलची गोष्ट तर आणखी महागाची. त्याच्या छातीत एक भयंकर जादू अडकलेली आहे आणि ती शांत ठेवायला त्याला मधूनमधून जादूच्या वस्तू द्याव्या लागतात. तुम्ही जीव धोक्यात घालून मिळवलेली अंगठी तो हातात घेतो, तिच्यातली जादू शोषून घेतो आणि आभार मानतो. माणूस सुसंस्कृत आहे. म्हणून विझर्ड स्वतः होऊ नये, एक पोसणंच पुरेसं आहे.

पॅलाडिन लोकांना फार आवडतो. चिलखत, तलवार, करिष्मा, वर तेजाचं वलय. लग्नाच्या बाजारात याला मागणी असती. पण पॅलाडिनने शपथ घेतलेली असते आणि गेम ती विसरत नाही. तुम्हाला वाटतं की आपण जरा व्यवहारानं वागलो, बाजूला उभ्या असलेल्या, अजून भांडणात न पडलेल्या माणसावर आधीच वार केला, वेळ वाचवला. तेवढ्यात शपथ मोडल्याची सूचना येते, शपथेतून मिळालेली शक्ती जाते, आणि रात्री कॅम्पवर काळ्या चिलखतातला एक शूर पुरुष येऊन बसतो. तो रागावत नाही, समजून घेतो. शपथ मोडलेल्यांचा एक वेगळा पंथ आहे, त्यात या म्हणतो. पश्चात्ताप करून परत यायचं असेल तर त्याचीही सोय आहे, तिला पैसे पडतात. ज्यांना लहानपणापासून 'तू असं करशील असं वाटलं नव्हतं' हे वाक्य सोसत नाही, त्यांनी पॅलाडिन होऊ नये.

राहिला बार्ड, आणि हे मार्गदर्शन लिहिणाऱ्याचं मत विचाराल तर गेम बनला आहे तो याच्यासाठी. गाणारा, वाजवणारा, गप्पा ठोकणारा माणूस. वाटेत भेटणाऱ्या सोबत्यांत एकही बार्ड नाही, म्हणजे जागा रिकामीच आहे. चौकात उभं राहून ल्यूट छेडली तर लोक भोवती जमतात आणि नाणी टाकतात, पहिल्या दिवसापासून चालू होणारं उत्पन्न. युद्धात त्याच्याकडे व्हिशस मॉकरी असते: शत्रूकडे बघून एक झोंबणारं वाक्य टाकायचं, त्यानं त्याला एक ते चार इजा होते आणि पुढचा वारही बिघडतो. चार ही संख्या हसण्यावारी नेऊ नका. एक-दोन श्वास उरलेला गॉब्लिन नुसत्या टोमण्यानं उताणा पडताना बघण्यासारखं समाधान कुठल्याही कुऱ्हाडीत नाही. ज्यांच्या घरात जेवणाच्या पंगतीला असं बोलणं चालतं त्यांना तर याचं निम्मं शिक्षण झालेलंच असतं.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. फायटर उत्तम आहे, लेझेलला असू द्या. रेंजर ठीक. मंक चिलखताविना उघड्या मुठींनी लढतो आणि भलताच चांगला लढतो. बार्बेरियनचा राग टिकवायचा तर दर फेरीत कुणाला तरी मारावं लागतं किंवा मार खावा लागतो, नाहीतर तो निवळतो. क्लेरिककडे गायडन्स नावाची छोटी प्रार्थना आहे, ती फाशात एक ते चार भर घालते, म्हणून शॅडोहार्टला सोडू नका; तिचा नेम किती चुकतो यावरचे विनोद मात्र तिच्यासमोर करू नका. ड्रुइडविषयी एक गोष्ट सांगायची राहते. तो मांजर होऊन भिंतीतल्या बिळातून जाऊ शकतो आणि म्याव करून पहारेकऱ्याचं लक्ष दुसरीकडे वळवू शकतो. हे ऐकून अनेकांचा निश्चय डळमळतो, ते स्वाभाविक आहे.

क्लास ठरला की गुणांचं वाटप. इथे एवढंच ध्यानात ठेवावं की फायदा सम आकड्यांना मिळतो. १६ आणि १७ यांत तूर्तास काहीच फरक नाही, पण चौथ्या पातळीवर गुण वाढवायची संधी मिळते तेव्हा तो एक कामी येतो. त्यामुळे मुख्य गुण १७ ठेवून बसणाऱ्याकडे गेमचे जाणकार आदरानं बघतात. बुद्धी बहुतेकांची ८ असते.

आता 'पुढे' दाबा. गेम लगेच आणखी एक व्यक्ती बनवायला सांगेल, तुमच्या स्वप्नात येणारी, पुन्हा शिंगांपासून. इथे थकू नये.

चार तास खेळून झाल्यावर वाटेल की चुकलं, ड्रुइडच व्हायला हवं होतं. घाबरायचं कारण नाही. एका जुन्या तळघरातल्या थडग्यात विदर्स नावाचा सुकलेला म्हातारा झोपलेला असतो. तुम्ही त्याला उठवलं नाही तरी तो कॅम्पवर आपोआप येऊन उभा राहतो. १०० सुवर्णमुद्रांत तो तुमचा क्लास बदलून देतो, कितीही वेळा. आणि ते १०० त्याच्या खिशातून परत काढता येतात. स्वतः काढायला जाऊ नये, ते नीट जमायला आधी रोग व्हावं लागेल आणि त्याचे आणखी १०० पडतील. अ‍ॅस्टेरियनला पाठवा.